नाजूक तोंडाचा घोडा आणि सौम्य लगाम

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

आजचा विषय दिसायला अगदी लहान आहे. घोड्याच्या तोंडात जाणारा, वीतभरही नसलेला धातूचा एक तुकडा. पण चारशे किलोचं जनावर आपण ज्याच्या भरवशावर वळवतो आणि थांबवतो, तो तुकडा नेमका कुठे टेकतो, हे अनेक वर्षं घोडा बाळगणाऱ्यालाही विचारलं, तर बरेचदा उत्तर येत नाही. म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत आपण 'लगाम' म्हणतो तेव्हा तीन गोष्टी एकत्र धरतो: डोक्यावरचे पट्टे, स्वाराच्या हातातल्या वाद्या, आणि तोंडातली कडी. या तोंडातल्या भागाला जुन्या मराठीत 'कडियाळे' असा शब्द आहे. आज क्लबात आणि दुकानात सगळे 'बिट' म्हणतात, तर मीही तोच शब्द वापरतो.

आता एक नेहमीचा प्रसंग घ्या. कुणीतरी सहा वर्षांची काठेवाडी घोडी घेतली आहे. वाद्या जराशा ताणल्या की ती मान झटकते, तोंड उघडते, कधी उधळते. मालक चार जणांना विचारतो. तीन जण सांगतात, 'तोंडाची कडक आहे, जरा जोरदार लगाम लावा.' मालक जोरदार बिट आणतो. पहिले दोन दिवस घोडी थांबते. तिसऱ्या आठवड्यात ती पहिल्यापेक्षा वाईट वागते. मग त्याहून जोरदार बिट येतं. या वाटेच्या टोकाला काटेरी लगाम असतो, आणि तिथपर्यंत पोचलेल्या घोडीच्या तोंडात जखमेशिवाय दुसरं काही शिल्लक नसतं.

मला आज एवढंच पटवायचं आहे की या घोडीचं तोंड 'कडक' नाही, दुखरं आहे. आणि दुखऱ्या तोंडासाठी सौम्य बिट निवडायचं, तर सुरुवात दुकानापासून करायची नाही. आधी तोंड, मग माप, मग आकार, आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत महत्त्वाचा, आपला हात.

तोंडाच्या आत काय असतं

घोड्याच्या जबड्यात पुढे पटाशीचे दात असतात, वर सहा आणि खाली सहा. मागे दाढा, एकूण चोवीस. या दोहोंच्या मध्ये दात नसलेली एक मोकळी जागा असते. नरांमध्ये, आणि क्वचित मादीतही, त्या जागेत सुळे येतात. पण सुळ्यांच्या मागे तरीही मोकळी हिरडी उरतेच. ही जागा आहे म्हणूनच माणसाला घोड्याच्या तोंडात बिट घालणं सुचलं.

पण ही मोकळी हिरडी म्हणजे गादी नव्हे. खालच्या जबड्याच्या हाडाची तिथे चक्क धार असते आणि त्या धारेवर पातळ त्वचेचं आवरण. कल्पना करायची असेल तर आपल्या नडगीवर बोट फिरवा. कातडी आणि हाड यांच्यामध्ये काहीच नाही, बरोबर? आता त्या नडगीवर एखादी सळी ठेवून कुणी झटका दिला तर कसं वाटेल? तुम्ही नवीन बिट घेतलंत की हा प्रयोग खरोखर करून बघा. बिट नडगीवर ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी वाद्या ओढायला सांगा. दुकानदाराच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त समजेल.

दुसरी गोष्ट म्हणजे जीभ. घोड्याचं तोंड बंद असतं तेव्हा जीभ जवळजवळ सगळी जागा व्यापते. बिटासाठी वेगळी रिकामी खोली तिथे नसते. म्हणजे कुठलंही बिट आत गेलं की ते जिभेला दाबूनच बसतं. म्हणून 'जाड बिट म्हणजे सौम्य बिट' हा सर्रास सांगितला जाणारा नियम अर्धाच खरा आहे. जाड बिटाने दाब जास्त जागेवर पसरतो, हे बरोबर. पण जीभ मांसल असेल आणि टाळू खाली आलेला असेल, तर ते जाड बिट तोंडात मावतच नाही. घोडा तोंड उघडं ठेवतो, आणि आपण म्हणतो, 'वाईट खोड आहे.' फार बारीक बिट रुततं, फार जाड कोंबल्यासारखं होतं. बहुतेक घोड्यांना १४ ते १७ मिलिमीटर जाडीच्या आसपासचं बिट मानवतं. लहान तट्टांना त्यातलं बारीक.

याशिवाय बिटाशी ज्यांचा संबंध येतो त्या जागा म्हणजे ओठांचे कोपरे, टाळू, आणि काही प्रकारांत हनुवटीखालची खोबण आणि कानांमागचा भाग. ही यादी लक्षात ठेवा. 'माझ्या घोड्याचं तोंड नाजूक आहे' असं कुणी म्हटलं, की विचारायचं: यातली कुठली जागा नाजूक आहे? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय बिट बदलणं म्हणजे पोटात दुखतंय म्हणणाऱ्याला चष्मा देणं.

बाहेरून दिसत नाही, म्हणून नाही असं नाही

फिनलंडमध्ये शर्यतीनंतर गाडीच्या घोड्यांची तोंडं तपासण्यात आली. तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. २६१ घोडे तपासले. त्यांपैकी ८४ टक्के घोड्यांच्या तोंडात, बिट लागतं त्या भागात, ताज्या जखमा सापडल्या. आणि तोंडाबाहेर रक्त दिसलं ते अगदी मोजक्या घोड्यांच्या. याचा अर्थ नीट समजून घ्या. ज्या देशात पशुवैद्यक सहज मिळतो, साज चांगला मिळतो, तिथली ही गोष्ट आहे. रक्त दिसलं नाही म्हणून जखम नाही, असं समजायला काहीच आधार नाही.

मग ओळखायचं कसं? घोडा बोलत नाही, पण सांगतो. लगाम घालायला गेलं की डोकं वर नेतो. वाद्या ताणल्या की मान झटकतो किंवा नाक पुढे काढून ओढतो. जीभ बिटावरून काढून एका बाजूला लोंबकळत ठेवतो. एकाच बाजूला वळायला कुरकुर करतो, डोकं तिरकं धरतो. फेसात गुलाबी छटा दिसते. आणि एक खूण खोगीर नसतानाही दिसते: चंदी किंवा कडबा खाताना अर्धवट चावलेले गोळे खाली पाडतो. असे गोळे पडत असतील तर बिटाचा विचार बाजूला ठेवा. दातांचा प्रश्न आहे.

पहिली पायरी: तोंड तपासणं

घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर येत राहतात, वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर, आणि चावून झिजत राहतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडेला आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडेला धारदार टोकं तयार होतात. तबेल्यात बांधून, चंदी आणि कापलेला चारा खाणाऱ्या घोड्यांमध्ये हे जास्त होतं, कारण दिवसभर चरणाऱ्या घोड्याइतकं ते चावत नाहीत. आता लगामाच्या गालपट्ट्या आणि बिट या गालाला आतून त्या टोकांवर दाबतात. घोडा बिटाला वैतागलेला दिसतो, पण कापतंय ते त्याची स्वतःची दाढ. उपाय म्हणजे पशुवैद्यकाकडून वर्षातून एकदा तपासणी आणि गरज असेल तर कानशीने ती टोकं घासून घेणं.

दुसरी गोष्ट, वुल्फ टूथ. पहिल्या दाढेच्या अगदी पुढे, बहुधा वरच्या जबड्यात, कधीकधी एक छोटासा निरुपयोगी दात असतो. शेंगदाण्याएवढा, कधी त्याहून लहान. बिट त्याच्यावर आपटलं की घोड्याला झिणझिण्या येत असणार. काही वेळा तो हिरडीखाली दडलेला असतो आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो काढायचा की ठेवायचा, हे पशुवैद्यक ठरवतील. तबेल्यात पकडीने उपटण्याचं ते काम नाही.

तिसरी गोष्ट वयाची. अडीच ते पाच वर्षं या काळात घोड्याचे सगळे २४ दुधाचे दात पडून कायमचे येतात. आणि आपण घोड्याला लगामाची सवय लावतो ती नेमकी याच वयात. तोंडात दात हलताहेत, हिरड्या सुजल्यात, आणि त्याच वेळी आपण लोखंड घालतो. शिंगरू महिनाभर चांगलं चाललं आणि अचानक बिट घेईना, तर ते हट्टीपणाने नसेल. पंधरा दिवस बिटाशिवाय, नुसत्या हॉल्टरवर काम करून बघा.

इथे एक सावधगिरीची सूचना, आणि ती आपल्या देशात फार महत्त्वाची आहे. घोड्याच्या तोंडातून खूप लाळ गळते आहे, गिळता येत नाही, वागणं अचानक बदललंय, अशा वेळी तोंडात हात घालून 'काय अडकलंय' ते बघायला जाऊ नका. ही लक्षणं रेबीजचीही असू शकतात. लांब राहा, पशुवैद्यकांना बोलवा.

तोंडात जखम आढळली तर पहिलं सौम्य बिट म्हणजे बिटच नाही. जखम भरेपर्यंत स्वारी बंद. जखमी हिरडीवर जगातलं सर्वोत्तम बिट घातलं तरी ते दुखणारच.

दुसरी पायरी: माप

तोंड स्वच्छ आहे, दात ठीक आहेत. आता माप घ्यायचं. एक गुळगुळीत लाकडी दांडी घ्या, पेन्सिलीपेक्षा थोडी जाड, आणि ती बिटासारखी तोंडात आडवी धरा. दोन्ही बाजूंना ओठ जिथे संपतात तिथे खूण करा. दोन खुणांमधलं अंतर अधिक दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा सेंटिमीटर, हे तुमच्या बिटाचं माप. बाजारात मापं इंचात मिळतात, ४.५, ५, ५.५ अशी. सरसकट ५ इंची उचलून आणू नका. अरुंद बिट ओठांचे कोपरे चिमटतं. रुंद बिट इकडून तिकडे सरकतं, त्याचा सांधा मध्यावर राहत नाही आणि एकाच बाजूला घासतो.

उंचीसाठी जुना ठोकताळा आहे: बिट बसल्यावर ओठांच्या कोपऱ्यात एक हलकी सुरकुती दिसावी. घोडा सतत हसतोय असं दिसत असेल तर बिट फार वर बांधलंय. फार खाली असेल तर सुळ्यांवर आपटेल आणि घोडा जीभ वरून काढायला शिकेल. गालपट्ट्या दोन्ही बाजूंनी सारख्या भोकांवर आहेत ना, तेही बघा. नाकपट्टी आवळून तोंड बंद ठेवण्याची पद्धत आहे, ती सोडा. नाकाच्या हाडावर, पट्टीच्या आत, दोन बोटं सहज गेली पाहिजेत. तोंड उघडणं ही घोड्याची तक्रार असते. पट्टी आवळली की तक्रार ऐकू येत नाही एवढंच. दुखणं आत तसंच राहतं.

तिसरी पायरी: आकार

बिटांचे शेकडो प्रकार आहेत, पण घराणी मुख्यतः दोन. एक, सरळ ओढीचं, ज्याला स्नॅफल म्हणतात. यात वाद्या थेट बिटाच्या कडीला असतात. हातात जेवढी ओढ, साधारण तेवढीच तोंडात. दुसरं, तरफेचं. यात बिटाच्या दोन्ही बाजूंना खाली दांडे असतात, वाद्या त्या दांड्यांच्या टोकाला, आणि हनुवटीखाली साखळी. वाद्या ओढल्या की दांडा फिरतो आणि जबडा बिट आणि साखळीच्या मध्ये पकडला जातो.

हिशोब सोपा आहे. दांड्याचा खालचा भाग वरच्या भागाच्या दुप्पट असेल, तर हातातली १ किलोची ओढ तोंडातल्या भागावर सुमारे ३ किलोची होते. लांब दांडा असलेलं, चकचकीत, नक्षीचं बिट सजवलेल्या घोड्याला शोभून दिसतं, हे खरं. पण शोभा आपल्याला दिसते आणि तरफ घोड्याला लागते. नाजूक तोंडाच्या घोड्याला तरफेचं बिट नको, हा आजच्या भाषणातला सर्वांत सोपा नियम.

आता स्नॅफलमध्ये काय निवडायचं?

एकाच सांध्याचं बिट सर्वांत जास्त दिसतं. वाद्या ओढल्या की ते मध्ये दुमडतं आणि जीभ व हिरड्या दोन्ही बाजूंनी आवळतं, अडकित्त्यासारखं. टाळू खाली आलेल्या घोड्याला मधला सांधा वरही लागू शकतो. अनेक घोडे त्यावर आयुष्यभर समाधानाने चालतात. पण नाजूक तोंडासाठी पहिली पसंती ही नव्हे.

दोन सांध्यांचं बिट म्हणजे मध्ये एक छोटा गोल मणी किंवा शेंगेच्या दाण्यासारखा तुकडा असलेलं. यात दाब जिभेवर पसरतो आणि आवळणं कमी होतं. हिरड्या किंवा टाळू नाजूक असेल तर इथून सुरुवात करा. फक्त एक काळजी: मधला तुकडा गोलसर असावा. काही बिटांत तिथे चपटी पट्टी तिरकी बसवलेली असते आणि तिची कड जिभेत घुसते. दिसायला दोन्ही सारखीच. बोट फिरवून बघा.

सांधा नसलेलं, किंचित कमानदार, सलग बिट स्थिर राहतं, चिमटत नाही. ज्या घोड्याला तोंडात कशाची हालचालच सहन होत नाही, त्याला ते आवडतं. पण त्यात जीभ सगळा भार घेते. जीभच दुखरी असेल, आधीची जखम असेल, तर ते चालणार नाही. तिथे मध्ये हलकी कमान असलेलं, जिभेला थोडी जागा देणारं बिट बघावं.

रबरी आणि प्लॅस्टिकच्या बिटांबद्दल नेहमी विचारतात. मऊ आहे म्हणून सौम्य, असं आपल्याला वाटतं. काही घोड्यांना ते मानवतं. पण कोरड्या तोंडात रबर ओठाला घासतं, आणि घोड्याने चावून त्याला खाच पाडली की तीच खाच कापू लागते. असं बिट वापरत असाल तर रोज बोटाने तपासा.

बाजूच्या कड्यांचंही पाहा. सुटी गोल कडी भोकातून फिरते आणि ओठाचा कोपरा तिथे चिमटू शकतो. ओठांचे कोपरे नाजूक असतील तर अंड्याच्या आकाराची, जोडावर न फिरणारी कडी, किंवा इंग्रजी 'डी' अक्षरासारखी कडी घ्या.

धातू कुठलाही असो, गुळगुळीत हवा. स्टेनलेस स्टील बरं. मुलामा दिलेल्या स्वस्त लोखंडी बिटाचा मुलामा उडाला की खाली खरखरीत थर उघडा पडतो. तपासायला जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा बिटावरून आणि सांध्यांवरून ओढा. धागा कुठेही अडकला तर ते बिट घोड्याच्या तोंडात जाता कामा नये.

आता काटेरी लगामाबद्दल. यात निवडीचा प्रश्नच नाही, कारण तो बेकायदेशीर आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखाली ओढकाम आणि भार वाहणाऱ्या प्राण्यांसाठी १९६५ साली नियम झाले, आणि त्यातल्या आठव्या नियमाने काटे, गाठी किंवा टोकं असलेलं बिट वापरायला बंदी आहे. ही बंदी नुसत्या टांग्याच्या घोड्यापुरती नाही, स्वारीच्याही घोड्याला लागू आहे. तरीही वरातीच्या घोडीच्या तोंडात ते आजही सापडतं. ढोलताशे, फटाके, डोळ्यांवर दिवे, आणि पाठीवर कधीच घोड्यावर न बसलेला नवरदेव. घोडी बिथरू नये म्हणून काटे. पण बिथरलेल्या जनावराला वेदना दिली तर ते शांत होत नाही. घोडा हा भक्ष्य होणारा प्राणी आहे. दुखलं की पळायचं, हे त्याच्या रक्तात आहे. दुखल्यामुळे पळणाऱ्याला आणखी दुखवून थांबवण्याचा हा उपाय अडचणीच्या वेळी हमखास फसतो.

चौथी पायरी: हात

इतकं सगळं नीट केलं आणि वाद्या धरून तोल सांभाळणारा स्वार वर बसवला, तर सगळं पाण्यात. दुडकी चालीत दर पावलाला त्याचे हात वर-खाली होतात आणि दर पावलाला घोड्याच्या हिरडीवर टोला बसतो. सर्वांत सौम्य बिटही मग हातोडी होतं.

माथेरानला जाऊन बघा. तिथे मोटारी नाहीत, घोड्यांवर अनेक घरांचं पोट आहे. पाठीवर येणारा पर्यटक दर वेळी नवा, आणि त्यातले बहुतेक पहिल्यांदाच बसणारे. उतारावर घाबरला की तो जे हातात असेल ते ओढतो. यावर बिट बदलून फार उपयोग नाही. घोडा चालवणारा माणूस सोबत असतो. त्याने हॉल्टरच्या दोराने घोडा न्यायचा आणि पर्यटकाच्या हातात खोगिराची मूठ किंवा घोड्याच्या मानेभोवतीचा पट्टा द्यायचा. दहा-पंधरा मिनिटांच्या फेरीसाठी तोंडाशी संबंध येण्याचं कारणच उरत नाही. माणूसही पडत नाही, कारण पट्टा हातात घट्ट राहतो.

क्लबात शिकणाऱ्यांसाठी हेच लांब दोरीवर करता येतं. शिक्षक दोरीने घोडा गोल फिरवतो आणि विद्यार्थी वाद्यांशिवाय बसायला शिकतो. तोल कंबरेत आला की मगच वाद्या हातात. जुने मोतद्दार नवख्याला लगेच लगाम देत नसत, त्यामागे हा विचार आहे.

ही समज नवी नाही. ग्रीक सेनानी झेनोफन याने सुमारे २४०० वर्षांपूर्वी घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. त्यात तो दोन प्रकारची बिटं सांगतो, एक गुळगुळीत आणि एक टोकदार. टोकदार बिट वापरायला त्याची ना नव्हती, ते आज आपण घेणार नाही. पण बिट ताठ नसावं, खेळतं असावं, आणि घोड्याने ऐकलं की त्याच क्षणी हात सैल सुटावा, हे तो आग्रहाने सांगतो. घोडा ओढीतून शिकत नाही, ओढ सुटण्यातून शिकतो. तुम्ही सोडलंच नाही, तर त्याने काय बरोबर केलं, हे त्याला कळणार कसं?

नवं बिट लावून बघताना

एका वेळी एकच गोष्ट बदला. बिट, नाकपट्टी आणि स्वार तिन्ही एकदम बदललं, तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. पहिल्या दिवशी वाद्या न लावता नुसतं बिट दहा-पंधरा मिनिटं तोंडात राहू द्या. थंडीत आधी हातात धरून ऊब द्या. दुसऱ्या दिवशी कुंपण असलेल्या जागेत, पायी चालीत, दोन्ही बाजूंना वळून बघा. तीन-चार दिवसांनी दुडकी. रोज काम संपल्यावर ओठांचे कोपरे आणि मोकळी हिरडी बघा, आणि वहीत दोन ओळी लिहा. शांत जबडा, हलकं चघळणं, ओठांवर थोडा ओलावा, मान सैल, ही समाधानाची चिन्हं. रस्त्यावर जाण्याची घाई नको. घोडा आवाजाने आणि तुमच्या बैठकीने थांबतो का, हे कुंपणाच्या आत आधी पक्कं करा. खरा ब्रेक त्या शिकवणुकीत असतो. बिट त्याची फक्त आठवण करून देतं.

प्रश्नोत्तरं

*सर, मग बिटाशिवायचा लगामच का वापरू नये?*

जरूर वापरावा, शांत घोड्याला आणि शिकलेल्या स्वाराला तो चांगला चालतो. तोंडात जुनी जखम असेल तर कधीकधी तोच एक मार्ग उरतो. फक्त 'बिट नाही म्हणजे दुखत नाही' असं समजू नका. नाकाचं हाड खाली बारीक होत जातं, तिथे पट्टी फार खाली बांधली तर श्वासाला त्रास होतो. आणि हॅकमोर नावाने जे लांब दांड्यांचं, साखळीचं मिळतं, ती तरफच आहे; तोंडाऐवजी नाकावर बसवलेली. साधी रुंद पट्टी आणि बाजूला वाद्या, असा प्रकार घ्या. तोही आधी कुंपणात.

*माझा घोडा साध्या स्नॅफलवर थांबतच नाही. रस्त्यावर जीव धोक्यात येतो. मग काय करायचं?*

रस्त्यावर जाणं आजपासून थांबवा, हे पहिलं. दात तपासून घ्या. पाठ आणि खोगीरही बघा, कारण पाठीच्या दुखण्यानेही घोडा पळतो. चंदी किती आणि काम किती, याचा मेळ बघा. दिवसभर बांधून, भरपूर खुराक देऊन तासभर बाहेर काढलेला घोडा उड्या मारणारच. हे सगळं पाहून झाल्यावर मोकळ्या कुंपणात पायी चालीपासून 'थांब' पुन्हा शिकवा. थांबला की लगेच हात सैल. याला काही आठवडे लागतील. जोरदार बिटाने दोन दिवसांत थांबेल, हे मलाही माहीत आहे. पण तिसऱ्या आठवड्यात काय होतं, ते आपण सुरुवातीलाच पाहिलं.

*गावाकडे पशुवैद्यक दातांचं काम करत नाहीत. आम्ही काय करावं?*

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. तिथे सोय नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. पाच-सहा घोडेवाल्यांनी मिळून एक दिवस ठरवला तर डॉक्टर येण्याची शक्यता वाढते आणि खर्चही वाटला जातो. तोवर तुमच्या हातात आहे ते करा: मोजून घेतलेलं गुळगुळीत बिट, सैल नाकपट्टी, रोज ओठांच्या कोपऱ्यांची पाहणी, आणि संशय आला तर बिट काढून हॉल्टर. याला पैसे लागत नाहीत.